एक दुर्बीण घेणे आहे

नात्यागोत्यात एखादा माणूस बँकेत असला, की त्याला सगळंच कळतं अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. डॉक्टरला फक्त दुखणी विचारतात, वकिलाला फक्त भांडणं विचारतात. बँकेतल्या क्लार्कला मात्र म्हैस कोणती घ्यावी इथपासून मुलगी कुठं द्यावी इथपर्यंत काहीही विचारतात. मी बारामतीत एका बँकेच्या काउंटरवर बसतो. पासबुकं छापून देणं, चेकवरच्या सह्या जुळवणं आणि 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा न चिडता म्हणणं हे माझं काम. शिक्षण बी.कॉम. पण माझी सासरवाडी इंदापूर तालुक्यातली, आणि सासरवाडीच्या मते बी.कॉम. म्हणजे जिच्यापुढं शिकण्यासारखं काही उरत नाही अशी पदवी. गेल्या वीस वर्षांत मी तिथला एक ट्रॅक्टर, ठिबकचा संच, एक घरघंटी आणि धाकट्या मेहुणीचा नवरा एवढ्या गोष्टी पसंत करून दिल्या आहेत. नवरा सोडला तर बाकीच्या वस्तू अजून बिनतक्रार चालू आहेत.

तरीसुद्धा मेहुण्यानं परवा फोनवर जे विचारलं, त्याला बी.कॉम.ची पदवी पुरेल असं मला वाटेना.

"दाजी, शिकारीची दुर्बीण घ्यायचीय. रातच्याला दिसणारी. थर्मल."

मी काउंटरखाली वाकून हळू आवाजात म्हणालो, "अरे, शिकारीला बंदी आहे."

१९७२ साल आमच्या भागात एकाच गोष्टीसाठी लक्षात राहिलं आहे, ते म्हणजे दुष्काळ. सुकडी, मिलो आणि रस्त्याच्या खडीची कामं यांच्या गोष्टी सांगणारी माणसं अजून पारावर बसलेली असतात. पण त्याच वर्षी दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला, हे कुणाच्या गावी नाही. हा कायदा मोठा चिकट आहे. त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, विष घालणं, त्यासाठी हाकून आणणं, हे सगळं शिकारीतच जमा. एवढंच नव्हे, तर नुसता प्रयत्न केला तरी शिकारच. बँकेत आम्हाला नुसत्या प्रयत्नाचं कुणी काही देत नाही. हा कायदा मात्र प्रयत्नालाही तुरुंग देतो. त्यातून चिंकारा, लांडगा, बिबट्या हे सगळे पहिल्या परिशिष्टातले मानकरी. त्यांच्या अंगाला हात लावला तर किमान तीन वर्षं.

"मारायचं कुणाला हाय दाजी?" मेहुणा म्हणाला. "नुसतं बघायचंय. त्या यंत्राचं नावच तसलं हाय, त्याला मी काय करू?"

हे मात्र खरं होतं. ही दुर्बीण विकणारे सगळे परदेशी. त्यांच्याकडे रानडुकरांची, हरणांची शिकार परवान्यानं चालते, म्हणून त्यांच्या कॅटलॉगात तीच भाषा. आमच्या मेहुण्याचा प्रश्न वेगळा होता. त्याच्या उसात कोण बसलं आहे, ते त्याला ऊस तुटायच्या आधी कळायला हवं होतं.

ज्यांना शेती फक्त भाजीच्या पिशवीपुरती माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीनं येते. आठवड्यातले काही दिवस ती दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली, की शेतकऱ्यानं रात्री उठून दारं धरायला जायचं. म्हणजे पाणी या सरीतून त्या सरीत वळवायचं. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, एकाहत्तर वर्षांचे आहेत. ते एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी आणि खिशात मोबाइलवर मोठ्यांदा लावलेलं भजन घेऊन रात्री दोन वाजता उसाच्या दोन फडांमधल्या वाटेनं जातात. भजन देवासाठी नसतं, बिबट्यासाठी असतं. माणूस येतो आहे हे त्याला आधी कळावं, आणि त्यानं मोठेपणा दाखवून बाजूला व्हावं.

बिबट्याला उसाचं वेड जुन्नरकडे लागलं, ही गोष्ट आता जुनी झाली. ऊस बारा ते अठरा महिने उभा राहतो; आत सावली, शेजारी पाणी, वस्तीवर कुत्री. बिबट्याच्या मादीला बाळंतपणाला याहून चांगलं माहेर कुठलं? तिथं जन्मलेल्या पिल्लांना डोंगर म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. त्यांचं जंगल म्हणजे ऊसच. आणि ऊस जिथं जिथं गेला तिथं तिथं तेही निघाले. आमच्याकडे तर कालव्यानं ऊस गेलेला आहेच. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेडला माणसं गेली, लहान मुलंसुद्धा गेली. तेव्हा वनखात्यानं थर्मल ड्रोन उडवून बिबट्या शोधला आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली. त्या आठवड्यात इंदापूरच्या वस्त्यांवर पोरं अंधार पडायच्या आत घरात यायला लागली. माझी बायको रोज रात्री नऊ वाजता माहेरी फोन करून 'आज लाइट रात्रीची आहे का दिवसाची?' एवढंच विचारायची. उत्तर 'रात्रीची' आलं, की ती आमच्या घरातली लाइट लवकर बंद करायची, पण झोपायची नाही.

तेव्हा विषय थट्टेचा नव्हता. मी अर्ज दाखल करून घेतला.

आधी मी पूर्वेतिहास तपासला. कर्ज देताना तपासतो तसा. महाराष्ट्रात थर्मलचा सगळ्यात गाजलेला प्रयोग झाला तो २०१८ साली, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे. अवनी वाघीण शोधायला काय काय आणलं होतं! थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन, हत्ती, पॅराग्लायडर, इटालियन जातीची कुत्री. शिवाय 'ऑब्सेशन' नावाचं परदेशी पुरुषी अत्तर झाडाझुडपांवर शिंपडलं होतं, कारण त्याचा वास मांजरकुळाला ओढतो म्हणे. एवढा सरंजाम पाहून एखाद्या श्रीमंत घरच्या लग्नाची आठवण यावी. महिनोन् महिने वाघीण कुणाला सापडेना. शेवटी २ नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली, आणि मग कशी मारली यावर जो वाद झाला तो वेगळाच. यातून मी दोन निष्कर्ष काढले. एक, यंत्र आणलं म्हणजे जनावर सापडतंच असं नाही. दोन, मेहुण्याला अत्तर घेऊ द्यायचं नाही.

मग यंत्राचं शास्त्र. त्याचं मूळ विल्यम हर्शेलमध्ये सापडतं. हा गृहस्थ आधी पलटणीच्या बँडमध्ये वाजवायचा, पुढं आकाशातले ग्रह शोधायला लागला. १८०० साली त्यानं सूर्यप्रकाशाचे रंग लोलकानं वेगळे केले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथं थर्मामीटर ठेवला. तर पारा सगळ्यात जास्त तिथंच चढला. म्हणजे न दिसणारा उजेड असतो, आणि तो गरम असतो. प्रत्येक वस्तू आपापल्या उष्णतेप्रमाणं हा उजेड टाकत असते. माणूस टाकतो, म्हैस टाकते, पुरणपोळीही टाकते. थर्मल दुर्बीण तोच टिपते. तिला चांदणं लागत नाही, बॅटरी मारावी लागत नाही. बिबट्याला ती कळतही नाही.

आता निवड. पुण्याच्या एका विक्रेत्याला फोन लावला. पहिल्याच वाक्यात तो म्हणाला, "सर, स्कोप देऊ का?" स्कोप म्हणजे बंदुकीवर बसवायची. "परवाना आहे ना सर?" मी म्हणालो, "दुचाकीचा आहे." मग त्याचा उत्साह थोडा उतरला आणि आम्ही हातात धरून एका डोळ्यानं बघायच्या दुर्बिणीवर आलो. किमती एका चांगल्या दुभत्या म्हशीपासून सेकंडहँड ट्रॅक्टरपर्यंत. एवढी किंमत कशाची, तर एक कारण म्हणजे तिचं भिंग काचेचं नसतं, जर्मेनियम नावाच्या धातूसारख्या पदार्थाचं असतं. साधी काच या उजेडाला भिंतीसारखी अडवते.

"सर, हे मॉडेल बाराशे मीटर दाखवतं," तो म्हणाला.

इथं मात्र माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. 'अप टू' हा शब्द ज्यानं आयुष्यभर ठेवींच्या जाहिरातींत वाचला आहे, त्याला बाराशे मीटर असं सहज पचत नाही. मी कागद घेतला. हे गणित सरळ व्याजाच्या गणिताहून सोपं आहे. आतल्या पडद्यावरचा एक ठिपका १२ मायक्रॉनचा, भिंगाची लांबी ३५ मिलिमीटर. पहिल्याला दुसऱ्यानं भागा आणि अंतरानं गुणा. एक किलोमीटरवर एक ठिपका ३४ सेंटिमीटर जागा व्यापतो. बिबट्या खांद्याशी साधारण ६५ सेंटिमीटर उंच. म्हणजे एक किलोमीटरवर बिबट्या उंचीला दोन ठिपके! दोन ठिपक्यांचा बिबट्याही असतो, दोन ठिपक्यांची शेळीही असते, आणि गावातल्या काही माणसांची योग्यताही तेवढीच असते. १९५८ साली अमेरिकी सैन्यासाठी काम करणाऱ्या जॉन्सन नावाच्या शास्त्रज्ञानं याचा नियमच बसवून दिला. 'काहीतरी आहे' एवढं कळायला दोनेक ठिपके पुरतात. 'कुठल्या जातीचं आहे' हे कळायला आठेक लागतात. आणि 'नक्की कोण' हे कळायला बारा-तेरा. म्हणजे जाहिरातीतल्या अंतराला सहानं भागायचं. बाराशेचे झाले दोनशे, आणि आमच्या बिबट्याच्या उंचीला तर दीडशेच.

हे मी विक्रेत्याला ऐकवलं, तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, आपण कुठं असता?" मी म्हणालो, "बँकेत." त्यानं "तरीच" म्हटलं. मेहुण्याच्या मते ती मला मिळालेली पदवीच होती.

पुढच्या रविवारी सासरवाडीला मारुतीच्या पारावर बैठक बसली. सात शेतकरी वर्गणी काढणार होते, त्यामुळे मतं अकरा होती. मेहुण्याला मोठ्या भिंगाची हवी होती, कारण लांबचं दिसतं. मी सांगितलं, लांबचं दिसतं पण अरुंद दिसतं. ३५ च्या भिंगातून शंभर मीटरवर तेरा मीटर रुंदी दिसते, १९ च्या भिंगातून चोवीस. आपल्याला एक किलोमीटरवरचा बिबट्या बघून करायचंय काय? आपल्याला पुढच्या शंभर पावलांवर कोण आहे ते हवंय. एका तरुणानं स्वस्तातली सेकंदाला ९ चित्रं दाखवणारी सुचवली. निर्यातीच्या नियमांमुळे तशी काही यंत्रं मुद्दाम बनवतात. त्यात पळणारं जनावर मूकपटातल्या नटासारखं उड्या मारत जातं. आपण बघेपर्यंत ते पुढच्या रिळात पोचलेलं असतं. म्हणून ५० चित्रांची ठरली. शेवटी संवेदनक्षमतेचा आकडा. तो मिलीकेल्व्हिनमध्ये असतो आणि जितका लहान तितका चांगला. २५ म्हणजे अंशाच्या चाळिसाव्या भागाचा फरक कळतो. आमच्याकडे हे महत्त्वाचं, कारण मे महिन्यात मुरमाड माळ दिवसभर असा तापतो, की मध्यरात्रीपर्यंत प्रत्येक धोंडा जिवंत दिसावा.

"एवढा बारीक फरक कळतो व्हय?" सरपंचांनी विचारलं.

"सुनेचा पारा किती चढलाय ते बी कळंल," मामा म्हणाले. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. तो दुर्बिणीशिवायही सगळ्यांना ऐकू आला.

दुर्बीण आली त्या रात्री अख्खी वस्ती अंगणात. पहिला शोध असा लागला, की या यंत्रापुढं घरात काही लपत नाही. मेहुण्यानं 'मी संध्याकाळपासून घरीच आहे' म्हणून सांगितलं होतं. पण त्याच्या मोटारसायकलचं इंजिन पांढरंशुभ्र चमकत होतं. भिंतीला हात टेकून काढला, तर पंजाचा ठसा तिथंच राहिला. सौ.नं ही दुर्बीण चार दिवस बारामतीला न्यायची इच्छा व्यक्त केली. मी वर्गणीदारांचा हक्क वगैरे सांगून विषय बदलला. मी खिडकीच्या बंद काचेतून बाहेर बघून पाहिलं. बाहेरचं काही दिसलं नाही; काचेत मीच दिसलो, भुतासारखा, नाक तेवढं थंड.

मग सगळे उसाकडे गेलो, आणि तिथं शांतता पसरली. उसात काहीच दिसेना. पाचटाचा एक पडदा आला की संपलं. ही उष्णता पानाच्या पलीकडून येत नाही. दाट उसात दहा फुटांवर बिबट्या बसला तरी दुर्बीण म्हणते, ऊस आहे.

मामांनी दुर्बीण डोळ्याची काढली. "म्हंजे जिथं हाय तिथं दिसत न्हाय, आन् जिथं न्हाय तिथं लख्ख दिसतंय."

हे मी पारावरच सांगितलं होतं. पण ऐकलेलं आणि बघितलेलं यांत फरक असतो. तरी मामांनीच वाट काढली. उसात जायचंय कुणाला? जायचं वाटेनं, बांधानं, पंपाच्या खोलीपर्यंत. बिबट्याही चालायला वाटच धरतो, त्यालाही पाचट टोचतं. पाऊल टाकायच्या आधी पुढची वाट मोकळी आहे एवढं कळलं, तरी पैसे वसूल.

आमचे चुलत सासरे, तात्या, तरुणपणी वाघर लावून ससे धरायचे. कपाळाला बॅटरी बांधायची, डोळे चमकले की समजायचं, हे त्यांचं तंत्र. जनावरानं पाठ फिरवली की काही दिसायचं नाही. ते या यंत्रावर उखडूनच होते. मी त्यांना माळाकडे तोंड करून उभं केलं. तिथं एक ससा चरत होता, अंधारात ठेवलेल्या दिव्यासारखा. त्याला कुणी बघतंय याचा पत्ता नव्हता. तात्यांनी पाच मिनिटं दुर्बीण सोडली नाही. मग म्हणाले, "मी इतकी सशी मारली, पर त्यो खातो कसा ते कधी बघितलंच न्हवतं." आणि पुन्हा दुर्बीण लावली. कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनखात्यानं माळावरच्या चिंकारा-लांडग्यांसाठी सफारी काढली, तेव्हा 'लांडगं बघाया पैसं देत्यात?' म्हणून सगळ्यात मोठ्यानं हसले होते ते तात्याच.

वस्तू सात जणांची, म्हणजे भांडण नक्की. म्हणून मी बँकेच्या शिस्तीनं एक रजिस्टर करून दिलं. तारीख, नेणाऱ्याचं नाव, वेळ, काय दिसलं, शेरा, सही. सही नसेल तर दुर्बीण मिळणार नाही. दर महिन्याला गेलो की मी ते तपासतो. सुरुवातीच्या नोंदी अशा: 'ससा.' 'कोल्हं दोन.' 'काही नाही.' 'शेजारचा पाटाचं पाणी तोडताना दिसला.' या शेवटच्या नोंदीवरून रीतसर भांडण झालं आणि पाणी परत आलं. त्या एका रात्रीत दुर्बिणीचं निम्मं व्याज निघालं असं मेहुणा म्हणतो. पौषातली एक नोंद: 'लांडगीण, तीन पिल्लं, माळावरून ओढ्याकडं.' शेऱ्यात मेंढपाळानं अंगठा उठवून सांगितलेलं कुणीतरी लिहिलंय: 'तिचा वाटा ती नेती. असूं दे.'

खरं सांगायचं तर या सगळ्यावरचा सगळ्यात चांगला उपाय कुठल्याच कॅटलॉगात नाही. तो सकाळी पूर्वेला उगवतो. दिवसा वीज द्या, सौर पंप द्या, मग एकाहत्तर वर्षांच्या माणसाला रात्री दोनला थर्मल लागत नाही आणि बिबट्यालाही त्याची रात्र मोकळी मिळते. सौर पंपासाठी मामांचा अर्ज मीच भरून दिलाय. तोवर रजिस्टर चालू आहे.

मागच्या महिन्यातल्या एका पानावर मामांच्या हातची नोंद होती. 'रात्री २.१०. पंपाच्या खोलीपुढं. बसलेला. बिबट्याच. ८० पावलं.' शेऱ्याच्या रकान्यात: 'आम्ही परत. पाणी उद्या.' खाली सही. वीस वर्षांत मी हजारो सह्या जुळवल्या, कुठली खरी आणि कुठली खोटी ते मला लांबूनही कळतं. या सहीतला शेवटचा काना जरासा हलला होता. मी तिच्याखाली बरोबरची खूण केली, तारीख टाकली, आणि पान उलटायच्या आधी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.